अवघड जागेचा डाग

'अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर' ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे, की ती राजकारणावरच्या लेखातही सहज वापरली जाते. विनोद बाजूला ठेवला तर तिच्यात एक साधं निरीक्षण आहे. माणसाला दुखणं सहन होतं, पण ते दाखवणं सहन होत नाही. पुरुषांच्या बाबतीत ही अवघड जागा म्हणजे लिंग, वृषणाची पिशवी आणि जांघ. तिथे एखादा लाल चट्टा उठला, पांढरा ठिपका दिसला किंवा कातडी काळी पडली, तर बहुतेक जण आधी दार लावून मोबाइलवर शोधतात. मग मेडिकलमधून एखादं मलम आणतात. मग महिनाभर वाट बघतात. डॉक्टरचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो.

मी डॉक्टर नाही, पण वैद्यकाचा इतिहास आवडीने वाचतो. त्या वाचनात या लाजेचाही इतिहास सापडत गेला. मराठीत 'डाग' कातडीलाही लागतो आणि अब्रूलाही. हातावर किंवा पाठीवर डाग उठला, तर घरचे 'काय चावलं? काय लागलं?' असं विचारतात. या एका जागी उठला, तर पहिला प्रश्न येतो, 'काय केलंस?' बऱ्याचदा तो दुसऱ्या कुणी विचारायचीही गरज नसते, आपणच स्वतःला विचारतो. या प्रश्नाने आजवर किती माणसांचं नुकसान केलं, हे समजून घ्यायचं तर अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये जावं लागतं.

1775 साली पर्सिव्हल पॉट या सर्जनने एक पुस्तक छापलं. पॉट लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातला नावाजलेला माणूस. पुस्तकात मोतीबिंदू, नाकातली वाढ अशा वेगवेगळ्या विषयांवरची टिपणं आहेत, आणि त्यांतच मोजकी पानं वृषणाच्या पिशवीच्या कर्करोगावर आहेत. हा रोग त्याला धुराडी साफ करणाऱ्या कामगारांमध्ये दिसला होता.

तेव्हा लंडनची घरं कोळशावर ऊब घेत. धुराडी इतकी अरुंद असत, की मोठा माणूस आत शिरूच शकत नसे. म्हणून गरिबांची, बऱ्याचदा अनाथ, लहान लहान मुलं आत चढवली जात. गुडघे आणि कोपरं भिंतीला टेकवत ती वर सरकायची आणि काजळी खरवडून खाली पाडायची. कपडे अडकतात म्हणून काही पोरं उघडीच चढत. आंघोळ क्वचित. वृषणाच्या कातडीला मुळातच सुरकुत्या असतात. त्या सुरकुत्यांत काजळी साठून राहायची, वर्षानुवर्षं.

पुढे ही पोरं वयात आल्यावर कधीतरी तिथे एक फोड यायचा. दुखरा, खरबरीत, कडा कडक आणि उचललेल्या. धंद्यातले लोक त्याला 'काजळीची चामखीळ' म्हणत. पण डॉक्टर आणि रोगी, दोघांचीही समजूत एकच व्हायची, की हा बाहेरख्यालीपणातून आलेला गुप्तरोग आहे. गुप्तरोगावर तेव्हाचं औषध म्हणजे पारा. पॉटने नोंदवलंय की पारा दिल्यावर हा फोड आणखी चिघळायचा. तेवढ्या काळात रोग वृषणापर्यंत जायचा, तिथून पोटाकडे चढायचा, आणि मग शस्त्रक्रियेचाही उपयोग नसायचा.

पॉटने काय वेगळं केलं? त्याने या माणसांच्या चारित्र्याऐवजी त्यांच्या कामाकडे पाहिलं. या कातडीला रोज काय लागतं, हे पाहिलं. उत्तर होतं काजळी. एखाद्या कामधंद्यातल्या पदार्थाचा कर्करोगाशी संबंध दाखवणारी ही वैद्यकातली पहिली ठळक नोंद मानली जाते. त्याचा सल्लाही सरळ होता. फोड छोटा असतानाच तेवढा भाग कापून काढा, थांबू नका.

पुढची गोष्ट संथ आहे. 1788 मध्ये ब्रिटनमध्ये आठ वर्षांखालच्या मुलांना या कामावर ठेवू नये असा कायदा झाला, तो बहुतांशी कागदावरच राहिला. मुलांना धुराड्यात चढवणं खऱ्या अर्थाने बंद झालं 1875 च्या कायद्यानंतर, म्हणजे पॉटच्या पुस्तकाला शंभर वर्षं झाल्यावर. 1892 मध्ये हेन्री बटलिन या सर्जनने एक प्रश्न विचारला. युरोपातल्या इतर देशांत धुराडीवाले आहेत, मग त्यांना हा रोग इतका का होत नाही? त्याला दिसलं, की तिथले कामगार अंगभर घट्ट कपडे घालतात आणि काम संपलं की अंग धुतात. 1915 मध्ये जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांवर महिनोन्महिने डांबर चोळून कर्करोग निर्माण करून दाखवला. 1933 मध्ये डांबरातला एक दोषी रेणू वेगळा काढला गेला, बेंझोपायरिन. तंबाखूच्या धुरात तोच असतो. लिंगाच्या कर्करोगाच्या कारणांत आजही तंबाखूचं नाव आहे, ते बिडी-सिगारेटवाल्यांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

लंडनच्या डॉक्टरांना तो फोड गुप्तरोगच का वाटला असेल? त्यांच्यामागे जवळजवळ तीनशे वर्षांची दहशत उभी होती. पंधराव्या शतकाच्या शेवटी युरोपात सिफिलिसची मोठी साथ पसरली. इटलीतले लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत, फ्रेंच लोक नेपल्सचा रोग म्हणत. प्रत्येकाने पाप शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकलं. आपणही मागे राहिलो नाही. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या ग्रंथात भावमिश्राने या रोगाला नाव दिलं 'फिरंग रोग'. पोर्तुगीज 1498 मध्ये कालिकतला उतरले होते आणि 1510 मध्ये त्यांनी गोवा घेतला होता. नावात त्या सगळ्याची आठवण आहे. मराठीत नंतर 'गरमी' हा शब्द चालला. उपचार मात्र इथेही पाराच.

या रोगाची एक लबाडी सगळ्यांनी माहीत करून घ्यावी अशी आहे. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी लिंगावर एक फोड येतो, बहुधा एकच. तो दुखत नाही. काहीही केलं नाही तरी तीन ते सहा आठवड्यांत तो आपोआप भरून येतो. माणसाला वाटतं, सुटलो. रोग मात्र रक्तात शिरलेला असतो आणि नंतर तळहात-तळपायांवर पुरळ होऊन, काही जणांत कित्येक वर्षांनी मेंदू आणि हृदयापर्यंत पोचून, परत येतो. आता विचार करा, फोड भरून येण्याच्या त्या महिन्यात एखाद्या भोंदू वैद्याने पुडी दिली असेल, तर श्रेय कुणाला जाणार? एसटी स्टँडच्या मुताऱ्यांत आणि लोकलच्या डब्यांत चिकटवलेल्या 'गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज'वाल्या जाहिराती मी लहानपणापासून पाहतो आहे. 1954 च्या औषधे आणि जादूचे उपाय कायद्याने अशा जाहिरातींवर बंदी आहे. त्या कायद्याच्या यादीत गुप्तरोग आहेत आणि कोडही आहे. तरी त्या टिकल्या, कारण आपोआप बऱ्या होणाऱ्या फोडांवर त्यांचा धंदा आयता चालतो.

खरा उपाय एव्हाना जुना झाला आहे. 1905 मध्ये शाउडिन आणि हॉफमन यांना सिफिलिसचा जंतू दिसला, 1906 मध्ये वासरमानची रक्तचाचणी आली, आणि 1943 मध्ये अमेरिकेत जॉन महोनी यांनी पेनिसिलिनने हा रोग बरा होतो हे दाखवलं. सुरुवातीच्या अवस्थेत आजही पेनिसिलिनचं एक इंजेक्शन बहुतेकांना पुरतं. त्यासाठी आधी ती जागा कुणाला तरी दाखवावी मात्र लागते.

उलट बाजूची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामुळे घरं मोडू शकतात. 1894 मध्ये लुई ब्रोक या पॅरिसच्या त्वचारोगतज्ज्ञाने एका चमत्कारिक डागाचं वर्णन केलं. अँटिपायरिन नावाचं ताप-वेदनेवरचं औषध तेव्हा नवं होतं. ते घेतल्यावर काही रोग्यांच्या अंगावर गोल, लालसर-जांभळा चट्टा उठायचा. बरा होताना तो काळा पडायचा आणि काळेपणा कित्येक महिने टिकायचा. पुढच्या वेळी तेच औषध घेतलं, की चट्टा बरोबर त्याच जागी परत. याला आज 'फिक्स्ड ड्रग इरप्शन' म्हणतात, आणि लिंगाचं टोक ही त्याची आवडती जागा आहे. अँटिपायरिन मागे पडलं, पण सल्फाच्या गोळ्या, डॉक्सीसायक्लिनसारखी अँटिबायोटिक्स, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं यांनी हे आजही होतं.

कल्पना करा. सर्दी-तापाला गोळी घेतली, दोन दिवसांत तिथे जांभळा चट्टा. नवरा घाबरतो, बायको संशय घेते, किंवा उलट. दोघांनाही वाटतं हा बाहेरून आलेला रोग आहे, आणि कारण असतं मेडिकलमधून आणलेली दहा गोळ्यांची पट्टी. कधी तर संशयित गुप्तरोगावर म्हणून तेच अँटिबायोटिक पुन्हा दिलं जातं आणि डाग आणखी गडद होतो. पॉटच्या काळातला पारा आणि ही गोळी यांच्यात चूक एकच आहे. 'गेल्या दोन दिवसांत काय गिळलंस?' एवढं विचारलं असतं तर उलगडा झाला असता.

आपल्याकडे असे प्रश्न मोकळेपणाने विचारता यावेत म्हणून कोर्टात उभं राहिलेला माणूस म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. गणिताचे प्राध्यापक. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं आणि 1927 मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं, ते 1953 पर्यंत, त्यांच्या मृत्यूपर्यंत चाललं. 'गुप्तरोगांपासून बचाव' या नावाचं त्यांचं पुस्तकही आहे. मासिकात वाचक आपल्या लैंगिक शंका विचारत आणि कर्वे त्यांना कोरड्या, स्पष्ट भाषेत उत्तरं देत. 1934 मध्ये याच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक प्रश्न विचारत असतील तर जाणकाराने उत्तर देणं हा गुन्हा कसा, असा त्यांच्या बाजूचा रोख होता. खटला ते हरले, कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. मासिक बंद पडलं नाही. नव्वद वर्षांपूर्वी पोस्टकार्डावर विचारले जाणारे ते प्रश्न आज रात्री दोन वाजता मोबाइलवर टाइप होतात. फरक एवढाच, की उत्तर देणारा कर्व्यांइतका काटेकोर असेलच असं नाही.

म्हणून रंगांबद्दल जे नक्की माहीत आहे, ते एकदा सरळ सांगतो.

तिथली कातडी बाकीच्या अंगापेक्षा काळपट असणं अगदी नैसर्गिक आहे. वयात येताना हार्मोनमुळे तिथलं रंगद्रव्य वाढतं. लिंगाच्या खालच्या बाजूने पिशवीपर्यंत जाणारी गडद रेघही सगळ्यांना असते. टोकाच्या कडेने बारीक मण्यांसारखे दाणे असतील तर तेही निरुपद्रवी. 1896 मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन फोर्डाइस यांनी दोन गोष्टींची वर्णनं लिहिली. एक, पिवळसर-पांढरे बारीक ठिपके, जे खरं तर तेलग्रंथी असतात. दुसरे, वृषणाच्या पिशवीवरचे गडद लाल-जांभळे ठिपके, जे फुगलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या असतात. दोन्हींना त्यांचं नाव आहे, आणि दोन्ही सहसा काहीही बिघडवत नाहीत.

पांढऱ्या डागाचे दोन प्रकार वेगळे ओळखायला हवेत. कोड असेल तर फक्त रंग जातो. कातडी मऊच राहते, खाज जवळपास नसते, आणि त्याचा संसर्ग होत नाही. कोडाचा उल्लेख अथर्ववेदातही 'किलास' म्हणून येतो. पुढे 'श्वेतकुष्ठ' असं नाव पडलं आणि त्या एका नावाने कोडाची गाठ कुष्ठरोगाशी विनाकारण बांधली गेली. लग्नं मोडणारी ही गैरसमजूत किती खोल आहे, ते 2006 च्या 'नितळ' या मराठी चित्रपटात दिसतं. दुसरा प्रकार म्हणजे लायकेन स्क्लेरोसस. यात कातडी पांढरी पडतेच, शिवाय कडक, पातळ, चिरा पडणारी होते आणि पुढची कातडी मागे सरकेनाशी होते. हा संसर्ग नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखाही नाही. लघवीची वाट अरुंद होऊ शकते आणि काही थोड्या लोकांत पुढे कर्करोगही होतो.

लाल चट्टे, खाज, पुढच्या कातडीला बारीक चिरा हे बहुधा बुरशीचं काम असतं. ते वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्यावी. मधुमेहाची पहिली खूण कित्येकदा इथेच दिसते. मात्र टोकावरचा मखमलीसारखा, चमकदार लाल डाग महिनोन्महिने हटत नसेल, तर तो बुरशी समजून बसू नये. 1911 मध्ये लुई केरा या फ्रेंच डॉक्टरने अशाच डागाचं वर्णन केलं. ती कर्करोगाची अगदी वरवरची, आरंभीची अवस्था असते. तिथेच पकडली तर ती पूर्ण बरी होऊ शकते. भारतात लिंगाचा कर्करोग पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसतो आणि बरेच रोगी उशिरा येतात, म्हणून हे पुन्हा सांगावंसं वाटतं.

सगळ्यात जास्त गोंधळ मात्र औषधंच करतात. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात 'शूकदोष' नावाचा अध्याय आहे. लिंग मोठं व्हावं म्हणून लोक दाहक लेप लावत आणि त्यातून जे विकार होत, त्यांचे अठरा प्रकार तिथे दिले आहेत. त्यांतल्या एकाचं नाव 'तिलकालक', ज्यात मांस काळं पडतं. तिथेही कारण कातडीवर लावलेल्या पदार्थात शोधलं आहे. आज त्या लेपांच्या जागी तेलं आहेत, गोरेपणाची क्रीम आहेत, आणि जांघेतल्या नायट्यावर मेडिकलवाला देतो ती स्टेरॉइड मिसळलेली मलमं आहेत. त्यांनी चार दिवस आराम पडतो, मग नायटा दुप्पट पसरतो आणि कातडी पातळ होऊन तिचा रंगही बदलतो. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 स्टेरॉइडं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. काउंटरवर तो किती पाळला जातो, हे ज्याने कधी मलम मागितलंय त्याला ठाऊक आहे.

मग डॉक्टरकडे कधी जायचं? फोड, जखम किंवा नवा डाग दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर. फोड दुखत नसला तरीही, आणि विशेषतः नवीन शरीरसंबंधानंतर आला असेल तर लगेच. डाग वाढतोय, उंच होतोय, रक्त येतंय, काळ्या तिळाची कड वेडीवाकडी होतेय, जांघेत गाठ लागतेय, पुढची कातडी घट्ट होतेय, तर थांबू नये. गोळी घेतल्यावर त्याच जागी पुन्हा डाग आला, तर गोळ्यांची पट्टी सोबत न्यावी.

तासांचा प्रश्न असतो अशाही काही खुणा आहेत. वृषणाची पिशवी अचानक सुजून लाल, जांभळी, मग काळी पडायला लागली, ताप आणि असह्य वेदना असल्या, तर रात्री-अपरात्रीही मोठं रुग्णालय गाठावं. 1883 मध्ये पॅरिसच्या झाँ आल्फ्रेद फुर्निए यांनी असे रोगी वर्णन केले, म्हणून याला फुर्निए गँगरीन म्हणतात. मधुमेह्यांना धोका जास्त. मागे सरकवलेली कातडी अडकून टोक निळसर पडलं, किंवा वृषणात अचानक तीव्र कळ उठली, तरी सकाळ होण्याची वाट बघू नये.

जायचं कुणाकडे, हे सोपं आहे. त्वचारोगतज्ज्ञाच्या एमडी पदवीचं आपल्याकडचं नाव डीव्हीएल. त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग ही तिन्ही शिक्षणं त्यात एकत्र येतात. समाजाने ज्या तीन डागांना नाकं मुरडली, ते तिन्ही या डॉक्टरच्या रोजच्या कामाचा भाग आहेत. तुमचा डाग त्याने त्या आठवड्यात पाहिलेला पहिला नसतो. तो काय विचारेल, तेही आता तुम्हाला माहीत आहे. कधीपासून आहे? काय लावलंत? काय गोळ्या घेतल्यात? संबंध आला होता का? शेवटचा प्रश्नही तो पहिल्या तिघांच्याच सुरात विचारतो, आणि त्याचं खरं उत्तर दिलं तरच योग्य तपासणी होते. जाण्याआधी तीन-चार दिवस नवीन काही लावू नका, घासून धुऊ नका, आणि डाग येतो-जातो असा असेल तर आला असताना फोटो काढून ठेवा.

सरकारी रुग्णालयांत गुप्तरोगांच्या तपासणीसाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतं, तिथे सल्ला आणि औषधं मोफत मिळतात आणि माहिती गुप्त ठेवली जाते. तेही नाव उच्चारायला जड जात असेल, तर केसपेपर काढताना खिडकीवर 'स्किन' एवढंच सांगावं. तेवढ्यावर पुढचं दार उघडतं.